शिरस्त्राणाचे टवके पुन्हा पुन्हा का उडतात: रंग देण्याआधी पापुद्रा उलटा करून पाहावा

फोमपासून घरी केलेले शिरस्त्राण पहिल्या दिवशी अगदी लोखंडी दिसते आणि दुसऱ्या प्रयोगाला त्याच्या कपाळपट्टीवर, कानाजवळच्या वळणावर व मागच्या कडेला रंगाचे टवके उडून खालचा काळा फोम डोकावू लागतो. चिलखताचे तसेच होते, फक्त तिथे खांदा आणि काख या जागा आधी जातात. आपण त्यावर चंदेरी रंगाचा आणखी एक हात देतो, चार दिवस ते बरे दिसते आणि पुढच्या वेळी नेमक्या त्याच जागी पूर्वीपेक्षा मोठा टवका निघतो. ही तक्रार मला दर वर्षी शिवजयंतीच्या आसपास आणि पुन्हा शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या दिवसांत ऐकू येते. माझी स्वतःची तीन वर्षे याच तक्रारीत गेल्यामुळे तिचे निवारण जरा सविस्तर लिहीत आहे.

मी कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवते आणि शाळेसाठी व आमच्या पेठेतील मंडळासाठी दर वर्षी आठ-दहा पोशाख करते. आमच्याकडे वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती मोठी, म्हणजे मिरवणूक ऐन एप्रिल-मेच्या उन्हात निघते आणि तीच शिरस्त्राणे जुलैमध्ये पन्हाळ्याच्या कार्यक्रमाला धो धो पावसात डोक्यावर चढतात. असा दुहेरी मारा सोसणारी वस्तू टिकत नाही म्हटल्यावर मी साहजिकच रंगाला दोष दिला. पहिल्या वर्षी स्प्रेचा डबा, दुसऱ्या वर्षी ऑइल पेंट, तिसऱ्या वर्षी महागडे ॲक्रिलिक असा माझा प्रवास झाला आणि टवके तिन्ही वर्षे सारखेच उडाले. रंग तीनदा बदलूनही दोष बदलत नसेल तर तो रंगात नसावा, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला उद्यमनगरातील एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात जावे लागले.

तेथील पेंटरमामांनी शिरस्त्राण हातात घेतले, पण रंगाच्या छटेकडे पाहिलेच नाही. कपाळावरच्या टवक्याच्या कडेखाली नख घालून त्यांनी करंगळीच्या नखाएवढा पापुद्रा अलगद उचलला, तळहातावर ठेवला आणि उलटा केला. वरून चंदेरी दिसणाऱ्या त्या तुकड्याची पाठ पांढरीफटक होती व तिच्यावरून बोट फिरवताच बोटाला खडूसारखी भुकटी लागली. "ताई, रंगाला कशाला नावं ठेवताय? ही घराची पुट्टी भरलीय तुम्ही," ते म्हणाले. "भिंत वाकत न्हाई, डोकं वाकतंय की." सांधे झाकण्यासाठी आणि पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी मी भिंतीची पुट्टी वापरली होती, हे मी त्यांना सांगितलेही नव्हते.

तेव्हापासून कोणीही टवके उडालेली वस्तू घेऊन आले, की मी आधी पापुद्र्याची पाठ पाहते. थरांपैकी नेमका कोणता थर सुटला हे ती पाठच सांगते आणि उपाय त्यानुसार पूर्णपणे बदलतो.

पापुद्र्याची पाठ काय सांगते

पाठ पांढरी व भुकटीसारखी असेल आणि खाली फोमवरही तशीच भुकटी उरली असेल, तर थर फोमपासून सुटलेला नसून मधोमध फाटलेला आहे. याचा अर्थ मधले भरण ठिसूळ आहे. भिंतीची पुट्टी, प्लास्टर ऑफ पॅरिस, गाडीची एनसी पुट्टी ही सगळी कडक पृष्ठभागासाठीची भरणे आहेत. वाकणाऱ्या फोमवर ती तडकणारच. अशा ठिकाणी वरून कितीही चांगला रंग दिला तरी उपयोग नाही. सगळी पुट्टी खरवडून काढावी लागते. काम कंटाळवाणे आहे, पण मी पुट्टीवरच लवचीक लेप चढवून पाहिला आहे आणि त्याचा परिणाम एवढाच झाला, की टवके लहान निघण्याऐवजी मोठ्या चकत्यांनी निघाले.

पाठ गुळगुळीत, स्वच्छ, फोमच्या पोताचा ठसा घेतलेली असेल आणि खालचा फोम अगदी कोरा दिसत असेल, तर अस्तराने, म्हणजे रंगाखाली फोमवर दिलेल्या लेपाने, फोमला मुळात धरलेच नव्हते. ईव्हीए शीटच्या, म्हणजे ज्या रबरासारख्या फोमचे आपण शिरस्त्राण करतो त्याच्या, मूळ पृष्ठावर कारखान्यातील साच्याचा तेलकट अंश किंवा कापताना-घासताना उडालेली बारीक धूळ असते आणि हाताळताना आपल्या बोटांचे तेलही लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती चिंधीने पुसून, पूर्ण सुकू देऊन मगच पुढे जावे. शीटची एक बाजू चकचकीत सालीची असेल तर तिच्यावरून बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवावा.

तिसरा प्रकार आमच्या हवेत फार आढळतो. पापुद्रा कडक नसतो, दुधावरच्या सायीसारखा मऊ व ओलसर निघतो, त्याची पाठ दुधाळ असते आणि बोटाला किंचित चिकटते. हे सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाचे अस्तर असते. हा गोंद पाण्यात विरघळवून फोमवर तीन-चार हात देण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते आणि कोरड्या हवेत, एका प्रयोगापुरती ती वाईट नाही, कारण हा थर पुट्टीपेक्षा लवचीक असतो. पण साधा पांढरा गोंद सुकल्यावरही पाण्याने पुन्हा मऊ पडतो. एप्रिलमध्ये मिरवणुकीत दोन-तीन तास चालणाऱ्या मुलाच्या कपाळाचा घाम शिरस्त्राणाच्या खालच्या कडेतून आत शिरतो आणि अस्तर तिथूनच सुटू लागते. पन्हाळ्याच्या पावसात तर आमच्या दोन शिरस्त्राणांचा रंग अखंड टोपीसारखा उतरला होता. ती टोपी हातात घेऊन उभा असलेला मावळा मला अजून आठवतो.

फक्त वरचा चंदेरी थर निघत असेल आणि खालचा काळा थर शाबूत असेल, तर दोन रंगांचे जमलेले नाही. चकचकीत ऑइल पेंट पूर्ण सुकून काचेसारखा झाल्यावर त्यावर न घासता दुसरा रंग दिला, की असे होते. याच्या उलट, ऑइल पेंट अर्धवट सुकलेला असताना त्यावर थिनरवाला स्प्रे मारला, तर खालचा थर फुगतो आणि वाळलेल्या चिंचेच्या सालीसारख्या सुरकुत्या पडतात. सुरकुत्या पडलेल्या थराची दुरुस्ती होत नाही, तो काढावाच लागतो.

काही वेळा टवका उडतच नाही, पण वळणावर आटलेल्या तळ्यातील चिखलाप्रमाणे बारीक भेगांचे जाळे दिसते. तेथे थरांची पकड ठीक असून वरचा थर खालच्यापेक्षा ताठ झालेला असतो. ऑइल पेंट हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन कडक होत जातो, आणि हे कडक होणे तो सुकल्यावरही चालूच राहते; म्हणून जानेवारीत नीट असलेले चिलखत मे महिन्यात भेगाळते आणि आपण मे महिन्यातील उन्हाला दोष देतो.

पापुद्र्याच्या पाठीला फोमचाच तुकडा चिकटून आला असेल तर मात्र रंगकामाला दोष देऊ नये. फोम फारच भुसभुशीत आहे किंवा खालचा सांधाच उघडत आहे.

फोम वाकतो म्हणजे किती वाकतो

हे हिशेबाने पाहिलेले बरे. एखादी शीट वाकवली, की तिच्या बाहेरच्या पृष्ठाची लांबी वाढते, आतल्या पृष्ठाची घटते आणि मधली रेषा साधारण तेवढीच राहते. १० मिमी जाडीची शीट मधल्या रेषेपर्यंत मोजलेल्या ५ सेंमी त्रिज्येवर वाकवली, तर बाहेरचे पृष्ठ १० टक्क्यांनी ताणले जाते. त्याच वळणावर ४ मिमीची शीट ४ टक्क्यांनीच ताणली जाते. पुट्टीसारखे ठिसूळ भरण एवढा ताण कधीच सोसत नाही. जाड फोम घेतला की टवके कमी उडतील, ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे: जाड फोम वाकायला जड जातो खरा, पण वाकलाच तर त्याच्या पृष्ठावरचा रंग जास्त ताणला जातो. कवटीच्या घुमटासाठी मी ६ मिमी, छातीच्या पट्टीसाठी ८ किंवा १० मिमी आणि जिथे हालचाल आहे अशा कडांसाठी २ ते ३ मिमीची शीट वापरते.

याच हिशेबातून एक फार सामान्य चूक उघडी पडते. छातीची पट्टी टेबलावर सपाट ठेवून रंगवणे सोपे जाते, म्हणून अनेक जण ती सपाटच रंगवतात, वाळवतात आणि नंतर अंगावर बांधताना वाकवतात. म्हणजे रंग सुकल्यानंतरचा पहिलाच ताण सर्वांत मोठा असतो. शीट हीट गनने (अतिशय गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने) तापवून, अंगाच्या गोलाईवर दाबून धरून, थंड होईपर्यंत तशीच ठेवली, तर ती तो आकार बऱ्यापैकी धरून ठेवते. अस्तर आणि रंग त्या आकारावरच द्यावेत. मी यासाठी स्वयंपाकघरातील मोठे पातेले उपडे घालते. घुमटाला ते उत्तम बसते आणि पातेल्याला काही होत नाही, हे घरच्यांना मला दर वर्षी नव्याने पटवून द्यावे लागते.

दुसरा मुद्दा रचनेचा आहे आणि तो मला जुन्या चिलखतांकडे पाहून सुचला. न्यू पॅलेसमधील शहाजी छत्रपती संग्रहालयात जुनी शस्त्रे पाहायला मी विद्यार्थ्यांना नेते. तेथून परतताना मुले तलवारींविषयी बोलत असतात आणि मी लढणाऱ्या माणसाच्या अंगावर लोखंड कसे बसवले जाई याचा विचार करत असते. चार-आईना नावाच्या चिलखतात छाती, पाठ आणि दोन कुशी यांसाठी चार स्वतंत्र पट्ट्या असत आणि त्या बंदांनी किंवा बिजागऱ्यांनी जोडलेल्या असत. लोखंड स्वतः वाकत नसे, सांधा वाकत असे. आपण मात्र फोम वाकतो म्हणून छाती आणि कुशी अखंड कापतो आणि मग वाकणाऱ्या जागेवर रंग टिकावा अशी अपेक्षा धरतो. चार पट्ट्या वेगळ्या करून चामड्याच्या किंवा जाड कापडी पट्ट्यांनी जोडल्या, तर काखेजवळचे निम्मे टवके जन्मालाच येत नाहीत. साखळीचे चिलखत दाखवायचे असेल तर फोमच्या वाटेला जाऊच नये. जाड काळ्या सुताचे सैल विणकाम करून त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी रंग फिरवला, की पंधरा फुटांवरून ते कड्यांचेच दिसते.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्नेहसंमेलनात सर्वाधिक मागणी असते ती १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडाच्या भेटीला, आणि त्या प्रसंगात महाराजांचे चिलखत अंगरख्याच्या आत व शिरस्त्राण जिरेटोपाच्या आत असते. म्हणजे जो पोशाख प्रेक्षकांना दिसायचाच नाही, त्याच्या रंगासाठी पालक रात्री अकरा वाजता फोन करतात. मुलाला चिलखत वरून घालायचे असते, हे खरे कारण. त्याला माझा इलाज नाही.

जे थर टिकले

सध्या माझ्याकडच्या शिरस्त्राणांवर जे थर आहेत ते असे बसवलेले आहेत. कापलेल्या ईव्हीए शीटवर आधी हीट गन फिरवते. कापलेल्या कडेवर फोमची बारीक छिद्रे उघडी पडलेली असतात आणि ती रंग पिऊन टाकतात. उष्णतेने ती मिटतात व पृष्ठाला अगदी हलकी चमक येते. चमक दिसताच गन पुढे सरकवावी, कारण एकाच जागी थांबल्यास फोम आक्रसतो. केस वाळवण्याच्या ड्रायरने हे काम होत नाही. खिडकी उघडी असावी आणि एकदा रंग चढलेल्या फोमवर गन पुन्हा फिरवू नये.

जोडण्यासाठी चपलांच्या कच्च्या मालाच्या दुकानात मिळणारे रबरी सोल्युशन घेते. ईव्हीए शीटही तिथेच, खेळण्यांच्या दुकानापेक्षा स्वस्त आणि अधिक घट्ट प्रतीची मिळते; चपलांच्या गावात राहण्याचा हा फायदा घ्यावा. सोल्युशन दोन्ही कडांना पातळ लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबून, मग एकदाच दाबायचे असते. ओले असतानाच जोडले, तर सांधा धरल्यासारखा वाटतो आणि उन्हात उघडतो. रंगाचा टवका मग त्या उघडणाऱ्या सांध्यावर उडतो आणि दोष पुन्हा रंगावर येतो. सोल्युशनची वाफ पेट घेते, म्हणून ते सुकण्यापूर्वी हीट गन जवळ आणू नये आणि स्वयंपाकघरात गॅसपाशी हे काम करू नये.

सांध्यातील फट भरण्यासाठी रंग स्वीकारणारे ॲक्रिलिक सीलंट वापरते, जे नळ-फरशीच्या सामानाच्या दुकानात नळीत मिळते. ते ओल्या बोटाने गुळगुळीत होते. सुकल्यावर थोडे बसते, त्यामुळे दुसऱ्यांदा भरावे लागते. दुकानदार बहुधा सिलिकॉनची नळी पुढे करतो, ती घेऊ नये; सिलिकॉनवर कोणताही रंग बसत नाही आणि एकदा लागलेले सिलिकॉन पूर्ण निघतही नाही. या एका चुकीने माझे एक पूर्ण शिरस्त्राण वाया गेले.

अस्तर हा या सगळ्याचा गाभा आहे. पांढरा गोंद सोडल्यानंतर मी गच्चीच्या गळतीवर मारतात तो रबरासारखा लवचीक ॲक्रिलिक लेप वापरून पाहिला आणि आता त्याच्यावरच स्थिरावले आहे. तो पाण्यात मिसळतो, पण सुकल्यावर पाण्याला दाद देत नाही, आणि त्याचा थर ताणला तरी तुटत नाही, कारण गच्चीची भेग उन्हापावसात उघडते-मिटते तेव्हा तिच्यावर टिकून राहण्यासाठीच तो बनवलेला असतो. त्यात तंतू मिसळलेला प्रकार मिळतो, तो येथे नको. पृष्ठावर केसाळपणा येतो. पहिला हात थोडे पाणी घालून पातळ द्यावा, म्हणजे तो फोमच्या पोतात शिरतो, आणि पुढचे दोन न पातळ करता द्यावेत. प्रत्येक हातामध्ये मी एक अख्खा दिवस जाऊ देते. जाड थर एकदाच दिला तर वर साय धरते, आत ओल कोंडते आणि आठवड्याने तिथे फोड दिसतो. खालच्या कडेवर आणि आतल्या बाजूच्या सांध्यांवरही हाच लेप फिरवावा, म्हणजे घामाला शिरायला वाट उरत नाही. या लेपाचा एक दुर्गुण असा, की तो उन्हात किंचित चिकट राहतो आणि धूळ पकडतो, त्यामुळे त्यावर रंग व क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेपाचा, थर आवश्यकच आहे.

रंगाबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. काळ्या ॲक्रिलिकचे दोन पातळ हात, त्यावर चंदेरी ॲक्रिलिक, मग काळ्या-तपकिरी रंगाचे पाणी खाचांत सोडून उंच भागांवरून फडक्याने लगेच पुसून घेणे, एवढ्यात लोखंड दिसू लागते. पोस्टर कलर मात्र वापरू नये. तो घामाने सरळ मुलाच्या गालावर उतरतो. शेवटी पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन क्लिअरचा एक पातळ हात द्यावा आणि तो चकचकीत किंवा मध्यम चमकेचा असावा. अगदी मॅट क्लिअर दिला, तर धातूची चमक मरते आणि शिरस्त्राण ॲल्युमिनियमच्या जुन्या डब्यासारखे राखाडी दिसते. "रंग उडाला" म्हणून आलेल्या तक्रारींपैकी काही प्रत्यक्षात एवढ्याच असतात.

थर्माकोलच्या शिरस्त्राणाविषयी एकच सूचना. त्यावर थिनरचा स्प्रे किंवा रबरी सोल्युशन लागले, की थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. तिथे टवक्याचा प्रश्न येतच नाही.

पावसाळ्यातील काम

जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापुरात रंगकाम करणाऱ्याने घाई सोडून द्यावी. हवेतील दमटपणामुळे पाण्यात मिसळणारे रंग फार सावकाश सुकतात. वरून हाताला कोरडे लागते आणि नखाने दाबले तर खूण उमटते. खूण उमटत असेल तोवर पुढचा हात देऊ नये. स्प्रेच्या क्लिअरवर या दिवसांत पांढुरके धुके चढते, त्याचे कारण असे, की द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठ थंड पडते आणि हवेतील बाष्प त्याच्यावर धरते. पाऊस कोसळत असताना स्प्रे मारूच नये. उघडीप मिळाली तर दुपारी, डबा २० ते ३० सेंमी अंतरावर धरून, हात सतत फिरता ठेवून अनेक पातळ फवारे द्यावेत. कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही, हे ध्यानात ठेवून काम उघड्यावर करावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

लाटण्याची चाचणी

आता मी कोणतेही नवे अस्तर किंवा रंग थेट शिरस्त्राणावर लावत नाही. शीटच्या उरलेल्या तुकड्यातून साधारण ५ सेंमी रुंद आणि १५ सेंमी लांब पट्टी कापते, तिच्यावर नेमके तेच थर, तितक्याच अंतराने देते आणि तीन दिवस ठेवते. मग ती पट्टी रंगीत बाजू वर ठेवून लाटण्याभोवती गुंडाळते. चिरा पडल्या तर थर ताठ आहे. चिरा नसल्या तर कटरने रंगावर आडव्या-उभ्या रेघांची बारीक जाळी कापून, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून, झटक्यात ओढते. चौकोन पट्टीबरोबर आले तर पकड कच्ची आहे, आणि आलेल्या चौकोनांची पाठ पाहिली की कोणत्या थराची, तेही कळते. शेवटी तीच पट्टी रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी पुन्हा गुंडाळते. पांढऱ्या गोंदाच्या पट्टीने पहिल्या दोन परीक्षा छान दिल्या होत्या आणि तिसरीत ती साय होऊन बोटाला आली. हे मी आधी केले असते तर पन्हाळ्याची फजिती टळली असती. लाटणे मात्र या कामासाठी वेगळे ठेवावे.

आधीच टवके उडालेली वस्तू दुरुस्त करताना टवक्याच्या खड्ड्यात रंग भरू नये. खड्ड्याच्या कडा नखाने उचकून पाहाव्यात आणि जेवढे सहज उचलले जाते तेवढे सगळे काढून टाकावे. थर जिथे घट्ट धरलेला लागेल तिथे थांबून ती कड पॉलिश पेपरने उतरती घासावी. मग अल्कोहोलने पुसून, उघडा फोम आणि त्याभोवतीची बोटभर जागा यांवर लवचीक लेपाचे तीन हात द्यावेत आणि त्यानंतर रंगाकडे वळावे. पाठ दुधाळ निघाली असेल, तर मात्र अशी तुकड्यातुकड्याने दुरुस्ती करण्यात वेळ घालवू नये. कोमट पाण्यात भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवावे, सगळा जुना थर सोलून निघतो.

ठेवण्याच्या बाबतीत मी एकदा फसले आहे. मिरवणुकीनंतर छातीच्या पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवल्या आणि मे संपताना काढल्या, तेव्हा ॲक्रिलिकचा थर उष्णतेने मऊ पडून कागद चिकटला होता व सरदाराच्या छातीवर बातमीची उलटी अक्षरे उमटली होती. आता धुतलेले जुने सुती पातळ फाडून त्यात गुंडाळते, दोन रंगीत पृष्ठे एकमेकांना टेकू देत नाही आणि शिरस्त्राणाच्या आत चिंध्यांचा गोळा भरते, म्हणजे घुमट चेपत नाही. मोटारीच्या डिकीत ती उन्हात राहू देऊ नयेत.

एवढे सगळे केल्यावर गेल्या वर्षीच्या आठ शिरस्त्राणांपैकी सात मिरवणूक आणि पाऊस दोन्ही सोसून शाबूत आहेत. आठव्याच्या डाव्या कानशिलावर एकच भेग पडली. तिची पाठ पाहण्याइतका पापुद्रा सुटलाच नव्हता, म्हणून मी ते घालणाऱ्या मुलाला माझ्यासमोर शिरस्त्राण काढायला सांगितले. दोन्ही हातांनी न उचलता तो डाव्या हाताने कानशिलाची कड धरून ते ओढून काढत होता, आणि प्रत्येक वेळी फोम तिथेच दुमडत होता. त्या जागी आतल्या बाजूने चामड्याचा चार बोटे लांब फासा शिवला आहे. आता तो फासा धरून काढतो.